कॉम्रेड्स मॅरेथॉन

कॉम्रेड्स मॅरेथॉन : दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान होणारी, सुमारे ९० किमी. अंतराची वार्षिक धावशर्यत. आजही चालू असलेली ही जगातील सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी अल्ट्रामॅरेथॉन मानली जाते. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ एका माजी सैनिकाने ती १९२१ मध्ये सुरू केली.

संस्थापक व प्रारंभ : व्हिक क्लॅपहॅम हे लंडनमध्ये जन्मलेले आणि दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले रेल्वे इंजिनचालक. महायुद्धात पायदळाच्या तुकडीबरोबर त्यांनी पूर्व आफ्रिकेत सुमारे २,७०० किमी. पायपीट केली. उष्णता, रोगराई आणि सोबत्यांचे मृत्यू त्यांनी जवळून पाहिले. सोसलेल्या कष्टांतूनच दिवंगतांचे स्मारक उभे राहावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी ‘लीग ऑफ कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर’ या माजी सैनिकांच्या संघटनेकडे या शर्यतीसाठी परवानगी मागितली. इतके अंतर धावणे माणसाला झेपणार नाही, या समजुतीने संघटनेने ती १९१८ पासून वारंवार नाकारली. बैठ्या कामातून सैन्यात आलेली माणसे आफ्रिका तुडवू शकतात, तर कसलेले धावपटू हे अंतर का कापू शकणार नाहीत, असा क्लॅपहॅम यांचा प्रतिवाद होता. अखेर १९२१ मध्ये परवानगी मिळाली आणि खर्चासाठी एक पौंड उसना मिळाला. २४ मे १९२१ रोजी पीटरमारित्झबर्गहून ३४ जण धावले. त्यांपैकी १६ जणांनी शर्यत पूर्ण केली. बिल रोवन ८ तास ५९ मिनिटांत पहिले आले.

मार्ग व प्रथा : शर्यतीची दिशा सहसा आलटून पालटून बदलते. डर्बनहून पीटरमारित्झबर्गकडे जाणारी ‘अप रन’ आणि उलट दिशेची ‘डाउन रन’. काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इन्चांगा आणि पॉली शॉर्ट्स या पाच टेकड्या धावपटूंचा कस लावतात. पाच वेळा विजेते ठरलेले आर्थर न्यूटन विसावा घेत, असे मानल्या जाणाऱ्या ‘आर्थर्स सीट’ या खडकातील कोनाड्यात धावपटू फुले ठेवून पुढे जातात. अनुभवी धावपटूच्या मागे ठरावीक गतीने धावणाऱ्या जथ्याला ‘बस’ म्हणतात. धावणे केव्हा, चालणे केव्हा हे तो ‘चालक’ ठरवतो आणि मागे पडणाऱ्यांना जथा सांभाळून नेतो. बारा तासांची मुदत संपताच बंदुकीचा बार होतो आणि अंतिम रेषा बंद होते.

सहभाग : स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांना अधिकृत प्रवेश १९७५ मध्ये मिळाला. भारतीय वंशाच्या नागरिकांनाही तोवर दारे बंदच होती, आणि तीही भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या डर्बनमध्ये. स्मरणासाठी जन्मलेल्या शर्यतीवरील हा वर्णभेदाचा डाग नोंदवणे आवश्यक आहे. स्त्रियांपैकी फ्रान्सिस हेवर्ड १९२३ मध्ये, तर कृष्णवर्णीयांपैकी रॉबर्ट म्शाली १९३५ मध्ये अनधिकृतपणे धावले होते. म्शाली यांच्या नावाचे पदक आता दिले जाते. अलीकडे भारतातून, विशेषतः मुंबई-पुण्याहून, अनेक धावपटू सहभागी होतात.

माजी सैनिक व मानसिक आरोग्य : कॉम्रेड्स उपचार म्हणून सुरू झाली नव्हती. युद्धाच्या मानसिक आघाताला तेव्हा ‘शेल शॉक’ म्हणत. आघातोत्तर ताणविकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० मध्ये स्थान मिळाले. पुढे माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्यासाठी लांब पल्ल्याच्या धावण्याने निधी व जागृती करण्याची प्रथा रुजली. ब्रिटनमधील ‘कॉम्बॅट स्ट्रेस’ (स्थापना १९१९) या संस्थेसाठी अनेक माजी सैनिक अशा शर्यती धावतात. अमेरिकेत लष्करी अधिकारी माइक अर्विन यांनी २०१० मध्ये स्थापलेली ‘टीम रेड, व्हाइट अँड ब्लू’ ही संस्था माजी सैनिकांना व्यायामाच्या निमित्ताने समाजाशी जोडते. धावणे हे समुपदेशन व औषधोपचार यांना पूरक ठरते. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. मात्र सैन्य सोडताना माणसाची तुकडी सुटते आणि त्या एकटेपणावर औषध चालत नाही. मागे पडलेल्याला सोबत घेणारी माणसे त्याला पुन्हा मिळणे, हेच अशा उपक्रमांचे खरे मोल आहे.