दोन शिलिंग आठ पेन्स

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी यंदा इयर इलेव्हनचं मूल आहे, त्यांना एप्रिल-मे महिन्यांचं वर्णन करून सांगायला नको. जेवणाच्या टेबलावर पसरलेली रिव्हिजनची पुस्तकं, बंद खोलीचं दार आणि "झाला का अभ्यास?" या प्रश्नाला मिळणारं, "हो" आहे की "हं" हे न कळणारं उत्तर. आज मात्र तुम्हाला थोडा वेळ टेबलाच्या पलीकडे, शिक्षकाच्या खुर्चीत बसवायचं आहे. मी इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षं गणित शिकवते आहे.

माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. हुशार आहे, खरंच आहे. पण सरावाचा पेपर समोर ठेवला की जंपरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढतो आणि त्यावर डोकं टेकतो. "मिस, याचा उपयोग काय?" सप्टेंबरपासून तो काकाच्या गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून जाणार आहे, ते ठरलेलं आहे. रात्री अडीचला मला जाग येते, तेव्हा डोळ्यांसमोर पहिल्या बाकावरच्या मुली नसतात, हा असतो.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या जुन्या शाळेवर छोटं प्रदर्शन करायचं ठरलं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी काउंटीच्या दप्तरखान्यात बसून व्हिक्टोरियन काळातली लॉगबुकं वाचली. लॉगबुक म्हणजे मुख्याध्यापकाने ठेवायची शाळेची रोजनिशी. मला वाटलं होतं, त्यात प्रार्थना, छड्या आणि पाहुण्यांच्या भेटी असतील. त्या होत्याच. पण पानामागून पान एकच रडगाणं होतं: आज मुलं नाहीत. बटाटे काढायला गेली. सुगीला गेली. जत्रेला गेली. पाऊस आहे आणि बूट नाहीत. गोवर आला. पेरणी झालेल्या शेतावर कावळे हाकायला गेली. (आपल्याकडे जोंधळा राखायला पोरं बसवत, तसंच हे.) आणि निरीक्षकाची तारीख जवळ आली की अक्षर बदलतं, नोंदी लांबत जातात. कोणती मुलं अजून बेरजेतच चुकतात, कोणाला कितीदा घरून बोलावून आणलं, कोण येऊनही काही करत नाही.

माणूस एवढा घायकुतीला का आला असेल, हे समजायला त्या वहीच्या बाहेर यावं लागतं.

१८६२ साली ब्रिटिश सरकारने प्राथमिक शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली लागू केली. तिचं नाव रिव्हाइज्ड कोड, तिचा कर्ता रॉबर्ट लो. शिक्षणावरचा सरकारी खर्च वाढत चालला होता आणि शाळांत गरिबांच्या मुलांना साधं लिहिता-वाचता येत नाही अशी तक्रार होती. लो यांचा तोडगा सुटसुटीत होता. मुलाच्या सरासरी हजेरीसाठी शाळेला वर्षाला चार शिलिंग. उरलेले आठ शिलिंग परीक्षेवर. वर्षातून एकदा निरीक्षक येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणितात परीक्षा घेणार. मूल ज्या विषयात नापास, त्या विषयाचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जाणार. याला नाव पडलं 'पेमेंट बाय रिझल्ट्स', निकालागणिक दाम.

एका मुलाचे पूर्ण बारा शिलिंग म्हणजे त्या काळातल्या शेतमजुराची साधारण आठवड्याभराची मजुरी. आधीच्या पद्धतीत प्रशिक्षित शिक्षकाच्या पगारातला काही भाग सरकारकडून थेट त्याच्या नावे येत असे. तो बंद झाला. आता अनुदान शाळेच्या चालकांच्या हाती जाणार आणि पगार किती हे शिक्षकाने त्यांच्याशी घासाघीस करून ठरवायचं. बऱ्याच ठिकाणी पगाराचा काही भाग अनुदानाच्या हिश्श्यावरच ठरत असे. मागच्या बाकावरचं डोकं टेकलेलं पोर म्हणजे शिक्षकाच्या चुलीतलं सरपण झालं.

या नियमावलीतलं एक कलम मला सगळ्यात क्रूर वाटतं. मुलाला त्याच इयत्तेच्या परीक्षेला पुन्हा बसवता येत नसे. दुसऱ्या इयत्तेत नापास झालेल्या मुलाला पुढच्या वर्षी तिसरीच्या परीक्षेला उभं करायचं. ज्याला बेरीज जमली नाही त्याच्याकडून आता त्याहून अवघड गणितं करून घ्या, आणि नाही जमलं तर तुमचे पैसे गेले. अभ्यासात रस नसलेली मुलं तयार करायचा कारखाना काढायचा असता, तर याहून चांगला आराखडा सुचला नसता.

मग शिक्षकांनी काय केलं? जे कोणीही केलं असतं ते. वर्षभर तीच दोन-तीन वाचनाची पुस्तकं मुलांकडून इतक्यांदा वाचून घेतली, की ती तोंडपाठ झाली. पुस्तक उलटं धरूनही मुलं घडाघडा 'वाचत', असे किस्से निरीक्षकांनीच सांगून ठेवले आहेत. इतिहास, भूगोल, चित्रकला मागे पडली, कारण त्यांना दाम नव्हतं. परीक्षेच्या दिवशी आजारी मुलांना शालीत गुंडाळून आणलं गेलं. ही फसवणूक होती का? होती. पण ती करणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षाचं घरभाडं दिसत होतं, हेही तितकंच खरं.

निरीक्षकांपैकी एक होते कवी मॅथ्यू आर्नल्ड. १८५१ पासून पस्तीस वर्षं त्यांनी ही नोकरी केली. नवी नियमावली येऊन पाच वर्षंच झाली होती, तेव्हा त्यांनी अहवालात लिहिलं की शाळांतला जीव गेला आहे, शिक्षक आणि मुलं दोघंही मरगळलेली आहेत आणि परीक्षा हा यांत्रिक युक्त्यांचा खेळ झाला आहे. सरकारी नोकराने सरकारी धोरणाबद्दल सरकारी अहवालातच असं लिहायचं, याला धैर्य लागतं. सरकारला मात्र दुसराच निकाल दिसत होता. १८६१ साली आठ लाख तेरा हजार पौंडांवर असलेलं अनुदान १८६५ पर्यंत सहा लाख सदतीस हजारांच्या आसपास उतरलं होतं.

पुढे १८८० मध्ये दहा वर्षांपर्यंत शाळेची सक्ती झाली आणि जी मुलं आजवर वर्गाबाहेर होती तीही बाकावर आली. त्यातला एक विनोद बघा. मोठ्या मुलाने ठरावीक इयत्ता पार केली की त्याला काम करायचा दाखला मिळे, शाळा सुटे. म्हणजे काही मुलांना अभ्यासाचं एकच कारण उरलं होतं: शाळेतून लवकर सुटणं. १८८४ मध्ये डॉ. जेम्स क्राइटन-ब्राउन यांनी लंडनच्या प्राथमिक शाळा पाहून मुलांची डोकेदुखी, निद्रानाश आणि उपाशी पोटं यांवर अहवाल दिला. 'ओव्हरप्रेशर' हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत गाजत होता. शाळा-निरीक्षक जोशुआ फिच यांनी तो अहवाल खोडून काढायचा प्रयत्न केला. शिक्षकांनी १८७० मध्येच आपली राष्ट्रीय संघटना उभी केली होती, आणि निकालागणिक दाम बंद करा ही तिची मोठी मागणी होती.

इथपर्यंत ही गोष्ट इंग्लंडची. पण ही पद्धत बोटीत बसून मुंबईलाही पोचली होती. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांचं अनुदान याच तत्त्वावर ठरत असे. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि त्याच्यापुढे पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. स्त्रीशिक्षण आणि बहुजनांचं शिक्षण यांसाठी ते निवेदन आपल्याला माहीत असतं. मी ते पुन्हा वाचलं ते त्या लॉगबुकांनंतर, आणि एका जागी थबकले.

फुले म्हणतात, गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला निकालावर पैसे देण्याची पद्धत योग्य नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही. अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायला कोणी शिक्षक धजणार नाही, त्याचं पोट त्यावर भरणार नाही. गोडी लागेपर्यंत सरकारनेच शाळा चालवाव्यात. मुलं का येत नाहीत हेही त्यांनी सांगितलं आहे: घरात दारिद्र्य आहे, मुलं गुरं राखायला आणि शेतावर लागतात. माझ्या लॉगबुकातले कावळे आणि बटाटे आठवले.

इंग्लंडच्या मंत्र्यांनी गोडी गृहीत धरली होती. ती नसेल तर शिक्षकाचा खिसा कापला की येईल, असा हिशोब होता. फुल्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या, त्यामुळे क्रम त्यांना ठाऊक होता. ते काही परीक्षाविरोधी नव्हते. निरीक्षकाने वर्षातून एकदा येऊन काय होणार, निदान दर तीन महिन्यांनी यावं, तेही न कळवता, असं त्यांनी सुचवलं. जास्त मुलं पास करणाऱ्या शिक्षकाला खास भत्ता द्यावा, असंही म्हटलं. पण तो पगाराच्या वर. पगार मात्र आधी पोटभर हवा, बारा रुपयांहून कमी नको. हा फरक बारीक वाटतो, पण रात्री अडीचला जागं राहणाऱ्याला तो कळतो.

आयोगाने प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी परीक्षेच्या निकालांचं तत्त्व बऱ्याच अंशी कायम ठेवलं. मागास भागांतल्या शाळांना मात्र सौम्य अटींवर मदत द्यावी, अशी सूट ठेवली. इंग्लंडमध्ये ही पद्धत १८९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने मोडली. एडमंड होम्स नावाच्या निवृत्त मुख्य निरीक्षकांनी १९११ मध्ये पुस्तक लिहून त्या काळातल्या आपल्याही सहभागाची कबुली दिली. तेहतीस वर्षं यंत्रासारखं वागवलेल्या शिक्षकांकडून एका रात्रीत विचारी माणसांसारखं वागण्याची अपेक्षा केली गेली, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. मला ते वाक्य शिक्षकांपेक्षा आमच्या वर्गांतल्या मुलांनाच जास्त लागू पडतं असं वाटतं. दहा वर्षं गुणांसाठी हाकायचं आणि अकराव्या वर्षी विचारायचं, तुला यात रस का नाही?

२०१३ मध्ये इंग्लंडच्या सरकारी शाळांत शिक्षकांची पगारवाढ पुन्हा कामगिरीशी जोडली गेली. दोन शिलिंग आठ पेन्सचा हिशोब नव्हता, पण मुलांचे निकाल फॉर्मवरच्या रकान्यात आले. २०२४ पासून ती सक्ती उठली आहे. आमच्या फॉर्मवर तो रकाना अजून आहे.

उद्या दुसऱ्या तासाला माझा तो वर्ग आहे. विषय टक्केवारी. गॅरेजचं एक जुनं बिल मागून आणलं आहे, त्यावरचा व्हॅट चुकीचा लावला आहे. बघू, तो डोकं वर करतो का.