मॉडेल ट्रॉलीतील ध्वनियंत्रणा

मॉडेल ट्रॉलीतील ध्वनियंत्रणा म्हणजे विजेवर चालणाऱ्या ट्रामगाडीच्या लघुप्रतिकृतीत मूळ गाडीचे आवाज काढणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसविण्याची व जुळविण्याची पद्धत होय. ध्वनिडिकोडर, स्पीकर आणि वीज साठविणारे संधारित्र ही या यंत्रणेची तीन मुख्य अंगे आहेत. मॉडेल रेल्वेच्या छंदात वाफेच्या व डिझेलच्या इंजिनांना असे उपकरण बसविणे आता सर्रास झाले आहे. ट्रॉलीत मात्र तेच काम बरेच अवघड ठरते, कारण गाडी आखूड असते, तिला चहूबाजूंनी खिडक्या असतात आणि रुळांना टेकणारी चाके थोडी असतात.

अमेरिकेत ट्रामला 'ट्रॉली' किंवा 'स्ट्रीटकार' म्हणतात. छतावरील दांड्याच्या टोकाशी असलेल्या व वरच्या तारेवरून फिरत वीज घेणाऱ्या चाकावरून हे नाव रूढ झाले. मराठीत ट्रॅक्टरमागे जोडल्या जाणाऱ्या ट्रॉलीशी त्याचा संबंध नाही. फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ साली व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे विजेच्या ट्रामचे मोठे जाळे यशस्वीपणे चालवून दाखविले आणि त्यानंतर अमेरिकेतील शहरांत ही गाडी झपाट्याने पसरली. या लेखातील मापे प्रामुख्याने १:८७ या, म्हणजे 'एच-ओ' प्रमाणातील अमेरिकी ट्रॉलींना लागू आहेत.

मूळ गाडीचे आवाज

वाफेचे इंजिन उभे असतानाही धुसफुसत असते आणि डिझेल इंजिन सतत घरघरते. विजेची ट्रॉली थांब्यावर उभी राहिली की जवळजवळ निःशब्द होते. मॉडेलच्या ध्वनियोजनेत या शांततेला आवाजांइतकेच महत्त्व आहे. उभ्या ट्रॉलीतून सतत गुरगुर ऐकू येत असेल, तर डिकोडरात दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा ध्वनिसंच भरलेला आहे असे खुशाल समजावे.

जुन्या ट्रॉलीचा सर्वांत ओळखीचा आवाज म्हणजे दातेरी चाकांचा कण्हल्यासारखा सूर. स्प्रेग यांच्या रचनेत मोटरचे एक टोक थेट आसावर टेकलेले असे व सरळ दात्यांच्या चाकांद्वारे ती आस फिरवी. गती वाढेल तसा हा सूर चढतो आणि मोटरची वीज तोडल्यावर गतीबरोबर उतरतो. चालक नियंत्रकाची मूठ एकेक खाच पुढे सरकवीत असल्यामुळे चढणही सलग नसते. ती टप्प्याटप्प्याने होते.

दुसरा महत्त्वाचा आवाज हवेच्या ब्रेकसाठी लागणाऱ्या काँप्रेसरचा. टाकीतील दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो आपोआप सुरू होतो, काही वेळ थडथडतो आणि दाब भरताच थांबतो. गाडीच्या गतीशी त्याचा संबंध नसतो. बराच वेळ उभ्या असलेल्या ट्रॉलीत तो अचानक सुरू होतो, तेव्हाच मॉडेल खऱ्यासारखे वाटू लागते. याखेरीज ब्रेक सोडताना सुटणाऱ्या हवेचा फुत्कार, दारांची उघडझाप आणि तीव्र वळणावर रुळाला घासणाऱ्या चाकांची किंचाळी हे आवाज येतात. किंचाळीसाठी वेगळी कळ नेमलेली बरी, कारण सरळ रुळावर ती ऐकू आली तर हास्यास्पद वाटते.

घंटा दोन प्रकारच्या असतात. रस्त्यावरील लोकांना सावध करणारी मोठी घंटा चालकाच्या पायाखाली असते व तो टाच आपटून ती वाजवितो. मुंबईच्या ट्रामचा चालकही ती पायानेच वाजवीत असे. दुसरी लहान घंटा कंडक्टरने चालकाला इशारा देण्यासाठी असते आणि तिचे दोन टोले म्हणजे 'निघा'. अनेक तयार ध्वनिसंचांत या दोन्ही घंटांसाठी एकच आवाज वापरलेला आढळतो. ज्याने खरी ट्राम ऐकली आहे त्याला तो लगेच खटकतो.

ध्वनिसंच गाडीच्या पिढीप्रमाणे निवडावा लागतो. १९३६ साली सेवेत आलेल्या 'पीसीसी' प्रकारच्या गाड्या मुद्दाम शांत बनविलेल्या होत्या. त्यांच्या चाकांत रबर होते आणि दात्यांची रचनाही निराळी होती, त्यामुळे जुन्या ट्रॉलीचा कण्हता सूर त्यांना शोभत नाही. आरंभीच्या पीसीसी गाड्यांत काँप्रेसर होता, परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या 'सर्व-विद्युत' गाड्यांत हवेची यंत्रणाच काढून टाकण्यात आली. अशा गाडीच्या मॉडेलमध्ये काँप्रेसरची थडथड किंवा हवेचा फुत्कार ऐकू येणे ही चूक आहे, आणि बाजारातील मॉडेलांतही ती सापडते. या गाड्यांत उभे असताना ऐकू येतो तो मोटर-जनरेटर संचाचा बारीक गुंजारव. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एफ' मार्गावर पीसीसी गाड्या व न्यू ऑर्लीन्सच्या सेंट चार्ल्स मार्गावर १९२० च्या दशकातील गाड्या अजून धावतात. त्यामुळे ध्वनिसंच पारखण्यासाठी अस्सल आवाज आजही उपलब्ध आहे.

डिकोडर

आजची बहुतेक ध्वनियंत्रणा 'डीसीसी' या अंकीय नियंत्रणपद्धतीवर चालते. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीच्या आधारे अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिची मानके ठरविली. रुळांतून वीज आणि आज्ञा एकत्रच वाहतात. गाडीतील डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा ओळखतो व त्यानुसार मोटर, दिवे आणि आवाज चालवितो. मोटर व आवाज एकाच मंडलाच्या ताब्यात असल्यामुळे सूर गतीशी आपोआप जुळतो.

बहुतेक डिकोडरांच्या तारांचे रंग ठरलेले असतात. लाल तार उजव्या रुळाची व काळी डाव्या रुळाची. नारिंगी व करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी सर्व दिव्यांची सामाईक धन तार. स्पीकरच्या तारांचा रंग मात्र उत्पादकाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तेथे सोबतची पुस्तिका पाहावी.

जुन्या मॉडेलांत, विशेषतः जपानमध्ये बनून अमेरिकेत विकल्या गेलेल्या पितळी ट्रॉलींत, मोटरचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि सांगाडा एका बाजूच्या रुळाला. अशा गाडीत डिकोडर तसाच बसविल्यास रुळातील वीज थेट त्याच्या मोटर-शाखेत शिरते व डिकोडर जळतो. म्हणून जोडणीपूर्वी मल्टिमीटरने मोटरची दोन्ही टोके प्रत्येक चाकाशी व सांगाड्याशी तपासावी. कोठेही विद्युतसंबंध आढळता कामा नये. पितळी गाडी पुन्हा मिळणे दुरापास्त असल्याने मोटर विलग करण्यासाठी सांगाड्यावर करवत चालविण्याऐवजी मोटरखाली अवाहक पट्टी व नायलॉनचे स्क्रू वापरणे शहाणपणाचे ठरते. जुन्या मोटरची भूकही मोठी असते. १२ व्होल्टवर चाके क्षणभर रोखून धरून प्रवाह मोजावा; तो डिकोडरच्या मर्यादेबाहेर असेल तर मोटरच बदलावी लागते.

जागा आणि स्पीकर

पीसीसी गाडीची लांबी सुमारे ४६ फूट होती. एच-ओ प्रमाणात ती जेमतेम १६ सेंटिमीटर भरते आणि रुंदी तीन सेंटिमीटरहूनही कमी. २८ फुटांची चारचाकी बर्नी गाडी तर दहा सेंटिमीटरांत संपते. त्यातच मोटर, दाते आणि वजनासाठी ठेवलेले धातूचे तुकडे असतात. उरलेल्या जागेतील प्रत्येक वस्तू खिडक्यांतून दिसते. जुन्या ट्रॉलींच्या छताचा मधला भाग उंचावलेला असतो. त्याच्या पोकळीत डिकोडर व तारा लपविणे हा सर्वांत चांगला उपाय. सपाट छताच्या गाडीत आसनांखाली खोटा तळ करतात. तेही शक्य नसेल तेव्हा डिकोडर आडवा ठेवून त्यावर अंतर्भागाच्या रंगाचा कागद लावतात आणि कमरेपर्यंत कापलेले प्रवासी त्यावर चिकटवितात. हा शेवटचा मार्ग ओबडधोबड वाटला, तरी बाहेरून पाहणाऱ्याच्या तो सहसा लक्षात येत नाही.

आवाजाचा दर्जा मात्र डिकोडरपेक्षा स्पीकरच्या बंदिस्त पेटीवर अधिक अवलंबून असतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा मागे हवा विरळ होते. पुढची व मागची लहर एकत्र मिसळली की दोन्ही एकमेकींना खोडून काढतात आणि विशेषतः खालचे सूर नाहीसे होतात. त्यामुळे उघडा ठेवलेला स्पीकर कितीही महाग असला तरी डबा वाजविल्यासारखा ऐकू येतो. मोबाइल फोनसाठी विकसित झालेले, साखरेच्या खड्याएवढे चौकोनी स्पीकर ट्रॉलीसाठी वरदान ठरले आहेत. साधारण ११ × १५ मिलिमीटरचा असा स्पीकर त्याच्या पेटीसह छताच्या पोकळीत किंवा तळाखाली मावतो. पेटीच्या कडा गोंदाने पूर्णपणे बंद कराव्या लागतात. टाचणीएवढे छिद्र राहिले तरी आवाज पातळ होतो. एवढ्या लहान स्पीकरमधून काँप्रेसरची खोल थडथड पूर्णपणे येत नाही. घंटा व दात्यांचा सूर मात्र उत्तम येतो, आणि ट्रॉलीत तेच प्रधान असतात.

स्पीकरचा विद्युतरोध डिकोडरला मानवेल असाच हवा. हल्लीचे बहुतेक डिकोडर ४ किंवा ८ ओहमचे स्पीकर चालवितात, परंतु काही जुन्या डिकोडरांना १०० ओहमचा स्पीकर लागतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास रोध ४ ओहम होतो आणि एकसरीत जोडल्यास १६. सोल्डर करताना स्पीकरचे चुंबक इस्त्रीचे लोखंडी टोक ओढून घेते व पडदा फाटतो. म्हणून स्पीकर घट्ट धरून, कमी वेळात काम उरकावे.

वीजप्रवाहाचे सातत्य

मोटर क्षणभर वीज गेली तरी जडत्वाने पुढे जाते, पण ध्वनिडिकोडर तेवढ्यात बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चारचाकी गाडीत प्रत्येक रुळावर दोनच चाके असतात. सांध्यावर एक चाक उचलले आणि दुसऱ्याखाली धूळ आली की घंटा मध्येच तुटते. यावर उपाय म्हणून डिकोडरच्या निळ्या धन तारेवर व ऋण बिंदूवर संधारित्र जोडतात. रुळांवर सुमारे १४ व्होल्टचा दाब असल्याने साधे संधारित्र २५ व्होल्टचे घेणे सुरक्षित. जागा कमी असेल तर २.७ व्होल्टची सहा लहान महासंधारित्रे एकसरीत जोडतात. रिकामे संधारित्र भरताना एकदम मोठा प्रवाह ओढते, म्हणून भरण्याच्या मार्गात १०० ओहमचा रोध व त्याला समांतर एक डायोड ठेवतात. डायोडामुळे वीज परत देताना रोधाचा अडथळा होत नाही. काही डिकोडरांत ही सोय अंगभूत असते.

खरी तार लावलेल्या मॉडेलमार्गावर लाल तार छतावरील दांड्याला आणि काळी तार दोन्ही रुळांना जोडतात. दोन्ही टोकांना दांडा असलेल्या गाडीत दोन्ही दांडे आतून एकत्र जोडावे लागतात. या पद्धतीचा एक अनपेक्षित लाभ असा, की ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरील वळसा घेताना रुळांचा परस्परांशी संपर्क होऊन शॉर्ट सर्किट होत नाही. दोन रुळांतून वीज घेणाऱ्या मॉडेलमार्गावर तेथे स्वयंचलित दिशाबदलक लागतो. उलट बाजूने, संपूर्ण गाडी एका टोकाच्या स्पर्शावर अवलंबून राहते, त्यामुळे अशा मार्गावर संधारित्र आवश्यकच ठरते.

चाचणी व जुळवणी

गाडीचे छत बंद करण्यापूर्वी ती मुख्य मार्गावर न ठेवता कमी प्रवाहाच्या प्रोग्रामिंग रुळावर ठेवून डिकोडरचा क्रमांक वाचून पाहतात. नव्या डिकोडरचा क्रमांक ३ असतो. तो वाचता आला तर मूळ जोडणी बरोबर आहे असे मानता येते. चुकीची जोडणी असेल तरी एवढ्या कमी प्रवाहाने डिकोडर सहसा जळत नाही. मोठे संधारित्र जोडलेले असल्यास वाचन फसू शकते, म्हणून ते तात्पुरते सोडवितात. गाडी उलट दिशेने निघाली तर नारिंगी व करडी तार आपसांत बदलतात.

नंतर 'सीव्ही' म्हणजे डिकोडरमधील बदलता येण्याजोग्या नोंदी जुळवितात. सीव्ही ३ वेग घेण्याचा व सीव्ही ४ थांबण्याचा संथपणा ठरविते. ट्रॉली झटकन निघते व झटकन थांबते. मालगाडीसाठी शोभणारे मोठे आकडे येथे ठेवले, तर दात्यांचा सूर गाडीच्या चालीशी विसंगत वाटतो. मांडणी बिघडल्यास अनेक डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ हा आकडा लिहून मूळ स्थिती परत आणता येते. आवाजाची एकूण पातळी ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डिकोडरांत सीव्ही ६३ मध्ये असते. कारखान्यातून येणारी पातळी घरातील खोलीसाठी बहुधा फार मोठी असते. ती निम्म्यावर आणल्यास लहान स्पीकरची खरखरही थांबते आणि दोन-तीन हातांवरून ऐकताना गाडी तिच्या आकाराएवढी वाटते. घंटेची पातळी मात्र वेगळी व थोडी चढी ठेवण्याची प्रथा आहे.