आरंभाची खूण: डोळ्यातल्या भिंगाची गोष्ट

माझ्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा एक गोष्ट मनात घोळत राहिली. जे भिंग काढलं, त्याच्या गाभ्यातली प्रथिनं माझ्या जन्माच्याही आधीची होती. रक्तातली तांबडी पेशी चार महिन्यांत संपते, तिच्या जागी दुसरी येते. भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी मात्र केंद्रक आणि रायबोसोम गमावूनही तिथंच राहतात. तिथं प्रथिन घडतं ते आयुष्याच्या अगदी सुरुवातीला, आणि तेच जन्मभर पुरवायचं. मग प्रश्न असा, की ते घडायला आरंभ कुठून होतो?

1894 साली स्वीडनच्या मोर्नर यांनी भिंगातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवली. पण ती घडतात कशी, हे कळायला 1961 उजाडावं लागलं. त्या वर्षी ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी जिवाणूंमध्ये संदेशवाहक आरएनए दाखवला. म्हणजे डीएनएतला मजकूर रायबोसोमपर्यंत नेणारा निरोप्या.

पुढे नेदरलँड्समधल्या नायमेखेनला हान्स ब्लूमेंडाल यांच्या गटानं वासराच्या भिंगातून असा आरएनए वेगळा काढला. 1972 मध्ये तो बेडकाच्या अंडपेशीत टोचला गेला. आणि बघा, त्या अंडपेशीनं वासराच्या भिंगाचं क्रिस्टलिन घडवलं! निरोप वासराचा, वाचणारा बेडूक. म्हणजे निरोप भिंगाचा असला, तरी तो वाचायची रीत भिंगाची खासगी नाही.

या रीतीत सुरुवातीचीही एक खूण आहे. रायबोसोमचा लहान भाग आरएनएवर बसतो आणि ए-यू-जी ही तीन अक्षरं शोधतो. तिथं मेथिओनिन हे पहिलं अमिनो आम्ल येतं, मग मोठा भाग जोडला जातो आणि साखळी वाढू लागते. पुष्कळ प्रथिनांत हे पहिलं मेथिओनिन नंतर छाटलं जातं. अल्फा-क्रिस्टलिनच्या 173 अमिनो आम्लांच्या ‘ए’ साखळीत मात्र ते टिकतं. त्याच्यावर फक्त एक ॲसिटिल गट चढतो.

तत्त्वज्ञान शिकवताना मी म्हणत असे, की वस्तू पूर्ण झाली की तिचा आरंभ तिच्यातून पुसला जातो. इथं मला माझं वाक्य मागं घ्यावं लागतं. सत्तर वर्षं मी ज्यातून जग पाहिलं, त्यात आरंभाचं पहिलं अक्षर तसंच होतं.