निष्क्रिय करणे
'निष्क्रिय करणे' हा मराठीतील सकर्मक क्रियावाचक शब्दप्रयोग आहे. एखाद्या वस्तूचे, यंत्रणेचे, पदार्थाचे किंवा अधिकाराचे कार्य थांबवणे, परंतु ती वस्तू नाहीशी न करणे, हा त्याचा मुख्य अर्थ होय. त्याचे अकर्मक रूप 'निष्क्रिय होणे' आणि विरुद्धार्थी रूप 'सक्रिय करणे' असे आहे.

व्युत्पत्ती
'निः + क्रिया' यांपासून 'निष्क्रिय' हे संस्कृत विशेषण बनते. विसर्गापूर्वी इ किंवा उ आणि पुढे क, ख, प, फ यांपैकी वर्ण आल्यास विसर्गाचा सामान्यतः 'ष्' होतो. जसे निष्पाप, दुष्कर.

व्याकरण
हे विशेषण अविकारी आहे. भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: 'बॉम्ब निष्क्रिय केला', 'यंत्रणा निष्क्रिय केली', 'खाते निष्क्रिय केले'.

उपयोग
वैद्यक: उष्णतेने किंवा फॉर्मल्डिहाइडसारख्या रसायनाने विषाणू निष्क्रिय करून लस तयार करतात. असा विषाणू शरीरात वाढू शकत नाही, तरी रोगप्रतिकार यंत्रणा त्याला ओळखते. १९५५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली जोनास साल्क यांची पोलिओ लस या प्रकारची होती. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लसीतील विषाणू मात्र जिवंत, पण दुर्बल केलेला असतो. त्याला 'निष्क्रिय' म्हणणे चूक ठरते.

बँकिंग: दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः व्यवहार न केल्यास बचत किंवा चालू खाते निष्क्रिय ठरते. त्यातील रक्कम बुडत नाही. ओळखीची कागदपत्रे देऊन खाते पुन्हा सुरू करता येते. दहा वर्षांनंतर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग झाली, तरी खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क कायम राहतो.

जवळच्या शब्दांशी भेद
'बंद करणे' हा रोजच्या बोलण्यातील व्यापक शब्द आहे. मात्र 'खाते बंद केले' याचा अर्थ ते संपवले असा होतो. 'निष्क्रिय झाले' यात ते पुन्हा सुरू होण्याची शक्यता उरते. 'रद्द करणे' यात वैधताच संपते. 'निकामी करणे' यात वस्तू उपयोगाची न उरण्यावर भर असतो. बॉम्बच्या संदर्भात 'निष्क्रिय' व 'निकामी' हे दोन्ही शब्द रूढ आहेत. परंतु अवयवाविषयी 'मूत्रपिंड निकामी झाले' असेच म्हणतात.

निष्क्रिय केलेली वस्तू पुन्हा सक्रिय होईलच, असे या शब्दातून सूचित होत नाही. खाते सुरू करता येते; लसीतील निष्क्रिय विषाणू पूर्ववत होत नाही. त्यामुळे नेमका अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो.