जुन्या वह्या आणि पूर्वजांचा शोध

महाराष्ट्रातील अनेक ओसवाल व गुजराती जैन घरांत एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आजोबा-पणजोबा लोटा आणि दोरी घेऊन मारवाडातून वा गुजरातेतून निघाले, दक्षिणेत आले आणि सचोटीच्या व्यापाराने स्थिरावले. कथा प्रेरक खरीच. परंतु ते कोणत्या गावाहून, कोणत्या वर्षी व कोणाच्या आधाराने आले, असे विचारताच ती थांबते. पुढचे उत्तर बहुधा माळ्यावरील लाल कापडी वह्यांत असते.

गुजराती जैन पेढीच्या वहीत आरंभी गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी व कयवन्ना शेठचे सौभाग्य लाभो, अशी प्रार्थना असते. तिच्याजवळच संवत व मिती सापडते. रोजमेळात नित्याची देवघेव, तर खातेवहीत माणसागणिक हिशेब. मूळ गावी धाडलेली रक्कम, तेथील मंदिराला दिलेली बोली, भाचीचे मामेरे, अशा किरकोळ नोंदींतून हरवलेले गाव हाती लागते. लोटा-दोरीच्या कथेत नसलेला आश्रयदाताही येथेच भेटतो. नवखा तरुण बहुधा आधी आलेल्या नातलगाच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राही. स्वतंत्र दुकान त्यानंतरचे.

वहीखेरीज अन्य साधनेही आहेत. मारवाडात कुलगुरू व भाट, तर गुजरातेत वहीवंचा बारोट यजमानांच्या वंशावळी लिहून ठेवीत. मंदिरातील धातुप्रतिमांच्या पाठीमागील लेखांत संवत, ज्ञाती, गोत्र व दात्याच्या कुटुंबीयांची नावे आढळतात. शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही व नोंदणीकृत दस्त यांचाही उपयोग होतो.

वाचकापुढे अडचणी दोन. पहिली लिपीची. महाजनी लिपीत काना, मात्रा, वेलांटी बहुधा गाळलेली असते. ‘काकाजी अजमेर गये’ हा निरोप ‘काकाजी आज मर गये’ असा वाचला जाऊन घरात रडारड झाल्याचा विनोद यातूनच जन्मला. दुसरी अडचण कालगणनेची. १२ मे १८७५ हा एकच दिवस चैत्रादी गणनेने संवत १९३२ मध्ये, गुजरातच्या कार्तिकादी गणनेने संवत १९३१ मध्ये आणि महाराष्ट्राच्या शके १७९७ मध्ये येतो.

तो दिवस सामान्य नव्हता. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे त्याच दिवशी शेतकऱ्यांनी गुजराती व मारवाडी सावकारांवर उठाव केला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता, कर्ज फिटत नव्हते. उठाव अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. रोष प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्यांचे कर्जरोखे सरकारी निबंधकापुढे करणे आवश्यक ठरले. काही घराण्यांचा माग १८७५ पूर्वी का लागत नाही, याचे एक कारण त्या राखेत असू शकते.

संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ मारवाड व गुजरातेत भीषण होता. एकीकडे भुकेने गाव सोडणारे पूर्वज, दुसरीकडे कर्जाने पिचलेले कूळ. वही दोहोंची साक्ष देते. केवळ गौरवाची पाने ठेवून उरलेली फाडणे, हा पूर्वजांचा सन्मान नव्हे. संवत्सरीला क्षमायाचना करणाऱ्या समाजाला कटू पान वाचण्याचे भय नसावे.

घर बदलताना या वह्या रद्दीत जातात आणि महाजनी वाचणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. वही देण्यापूर्वी तिच्या पानांची छायाचित्रे घ्यावीत, वाचू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांजवळ नातवंडांनी बसून नावे, गावे व मिती उतरवून घ्याव्यात. ज्ञानपंचमीला ग्रंथांवरील धूळ श्रद्धेने झटकली जाते. त्याच दिवशी माळ्यावरचे ते लाल गाठोडेही खाली उतरावे.