जुने गोवे : दगडाचा पुरावा आणि भाषेचा पुरावा

कोल्हापूरहून गोमंतकात जाणारा प्रवासी जुने गोवे पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. बॉम जेझूस बासिलिका हे तेथील मुख्य आकर्षण होय. १५९४ साली पाया घातलेल्या व १६०५ मध्ये पवित्रीकरण झालेल्या या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जतन केलेले आहेत. त्यांची संगमरवरी समाधी तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठविली. यूरोपचा एक तुकडा पाहिल्याच्या समाधानात प्रवासी बाहेर पडतो. हे आकलन अपुरे आहे, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

बासिलिकेच्या भिंतींचा उघडा जांभा प्राचीन भासतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास गिलावा काढल्यापासूनचे ते रूप आहे. दगडाचा पुरावादेखील पारखूनच घ्यावा लागतो. भाषेचा पुरावा तर दृष्टीसच पडत नाही.

जवळच सेंट पॉल महाविद्यालयाची कमान तेवढी उरली आहे. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली या संस्थेत आले. १५७९ मध्ये गोव्यास पोहोचलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने लोकांची बोली कोंकणी व धर्मकाव्याची भाषा मराठी हा भेद नेमका ओळखला. त्याचे कोंकणी व्याकरण १६४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. ख्रिस्तकथेसाठी मात्र त्याने मराठी ओवी स्वीकारली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत प्रसिद्ध झाले. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. ज्या सत्तेने देवळे पाडली, तिच्याच धर्मोपदेशकास पुराणाचा घाट व परिभाषा उसनी घ्यावी लागली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

पुढे धोरण पालटले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज आत्मसात करण्यास लोकांना तीन वर्षांची मुदत दिली. ती संगमरवरी समाधी उभी राहिली १६९८ मध्ये, म्हणजे या फर्मानानंतर चौदा वर्षांनी. प्रवासी पाहतो ते वैभव असे भाषादमनाचे समकालीन आहे.

‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांच्या आधारे, आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापला गेला. समाधीचे रक्षण सत्तेने व संस्थेने केले. ओवीचे रक्षण केले ते तिच्या नकला करणाऱ्यांनी. जुन्या गोव्याच्या इतिहासात या दुसऱ्या रक्षकांचीही गणना झाली पाहिजे.