पिंजऱ्यापासून पडद्यापर्यंत

मराठीत आरोपी पिंजऱ्यात उभा राहतो आणि साक्षीदारही पिंजऱ्यातच. भीतीने जबाब फिरवला, तर त्याला आपण फितूर म्हणतो. गडाचा दरवाजा शत्रूला उघडून देणाऱ्यासाठीचा शब्द आपण घाबरलेल्या माणसाला लावतो.

मराठेशाहीत न्यायनिवाडा करणाऱ्या गोतसभेपुढे साक्षीदार बेलभंडार उचलून बोलायचा. खोटे बोलू नये म्हणून शपथ होती. खरे बोलणाऱ्याला राखण्याची हमी त्या शपथेत नव्हती. इंग्रजी अमलातल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने लहान मुलाची आणि खुणांनी बोलणाऱ्या मुक्या माणसाची साक्ष मान्य केली. अश्लील, अपमानकारक प्रश्न अडवण्याचा अधिकारही न्यायाधीशाला दिला. पण साक्ष चालायची ती आरोपीच्या नजरेसमोरच.

ही नजर चुकवायला शतकाहून जास्त काळ लागला. १९८३ मध्ये बलात्काराचे खटले बंद दाराआड चालवण्याची तरतूद आली. २००३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओद्वारे साक्ष वैध ठरवली. पुढच्या वर्षी ‘साक्षी’ संस्थेच्या याचिकेवर पीडित आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा आला. उलटतपासणीचे प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्यायचे, मुलाला मध्ये विसावा द्यायचा, हेही तेव्हाच ठरले. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्याने ही काळजी मुलांचा हक्क केली.

२०१७ मध्ये पुन्हा महाराष्ट्रातलेच प्रकरण दिल्लीत पोचले. पीडित मूकबधिर मुलीची साक्ष झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत अशा साक्षीदारांसाठी किमान दोन स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारायला सांगितले. २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देताना प्रत्येक जिल्हा न्यायालयात अशी केंद्रे उभारायला राज्यांना सांगितले.

पण भीतीचे घर गावात असते. सोनई आणि खर्डा ही त्याची उदाहरणे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलीच दोन्ही गावे. २०१४ च्या खर्डा हत्येच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. २०१३ च्या सोनई तिहेरी हत्याकांडाचा खटला मात्र नाशिकला हलवला गेला होता. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. प्रत्येक खटल्याचा पुरावा वेगळा असतो, हे खरे. तरी साक्षीदाराला गावाच्या दाबापासून दूर नेणे का गरजेचे असते, हे या जिल्ह्याला कुणी वेगळे सांगायला नको.

याच जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. समन्स घरी येते तेव्हा घराला कुलूप असते. उचल घेतलेल्या मजुराला तारखेसाठी फड सोडणे सोपे नसते. ॲट्रॉसिटी कायद्यातील कलम १५ अ २०१६ पासून साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च यांचा हक्क देते. तो मजुराच्या फडावरच्या कोपीपर्यंत पोचला पाहिजे.

धमकी येत असेल तर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षणासाठी अर्ज करता येतो. तुमच्या ओळखीत कुणी साक्षीदार असेल, तर त्याला हे आजच सांगा. आणि तारखेच्या दिवशी त्याच्यासोबत न्यायालयापर्यंत जा.